भांडखोर माशाचं घर : टाकी केवढी, शेजारी कोण?



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसानं खंडाळ्यासारख्या गावी समुद्रातल्या माशांवर बोलावं, हे थोडं चमत्कारिक वाटेल. आपल्या तालुक्याला समुद्र नाही. आपली नीरासुद्धा अरबी समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते. ती भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि वीर धरणातून सुटलेलं पाणी पोहोचलंच तर बंगालच्या उपसागरात पोहोचतं. तरीही आजचा विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे. पुणं आता तासा-दीड तासावर आहे, तिथल्या दुकानात समुद्रातले मासे मिळतात, आणि गोड्या पाण्याची टाकी चार वर्षं सांभाळलेल्या माणसाला कधी ना कधी वाटतं की आता खारं पाणी करून बघावं.

मग तो दुकानात जातो. तिथं एका लहानशा पिशवीत बोटभर लांबीचा एक मासा असतो. अंग काळं, पोटावर पांढरे मोठे गोल ठिपके, ओठ पिवळे-नारिंगी, जणू कुणी रंगवून ठेवलेत. त्याचं नाव क्लाउन ट्रिगर. मासा इतका देखणा असतो की माणूस किंमत विचारतो, घासाघीस करतो आणि घरी आणतो. पुढच्या चार-सहा महिन्यांत टाकीतली कोळंबी नाहीशी होते, मग छोटे मासे, मग बाकीच्यांचे पर फाटतात, आणि शेवटी टाकीत एकटा ट्रिगर उरतो. मालक म्हणतो, ‘मासाच नालायक निघाला.’

आम्हाला आज या वाक्याचा विचार करायचा आहे. दोष खरंच माशाचा का? त्याला केवढी टाकी हवी होती, आणि त्याच्याबरोबर कोण चाललं असतं?

आपल्याकडे माशांवरून राज्यशास्त्राला एक शब्द मिळाला आहे, मत्स्यन्याय. राजदंड नसेल तर मोठा मासा लहानाला गिळतो तशी समाजाची अवस्था होते, असं कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे, महाभारताच्या शांतिपर्वातही आहे. उपमा चांगली आहे, पण तिच्यामुळे एक घोटाळा झाला. माशांमधला सगळा हिंसाचार म्हणजे गिळणं, असं आपण धरून चाललो. वास्तविक टाकीत दोन वेगळ्या गोष्टी घडतात. एक म्हणजे खाणं आणि दुसरी भांडणं. खाणाऱ्या माशाला समोरचा हवा असतो, पोटात. भांडणाऱ्या माशाला समोरचा नको असतो, आपल्या जागेत. दोन्हींची कारणं वेगळी, आणि म्हणून उपायही वेगळे. हा फरक ध्यानात आला की निम्मा विषय संपला.

आधी खाण्याचं पाहू, कारण ते सोपं आहे.

ट्रिगर माशाचा जबडा लहान दिसतो, पण भलताच बळकट असतो. खेकडे, शिंपले, समुद्री साळू म्हणतात ते काटेरी गोळे, असल्या कवचाच्या प्राण्यांना फोडून खाणं हाच त्याचा धंदा. काट्यांच्या गोळ्यावर तोंडानं पाण्याचा फवारा मारून तो गोळा उलटा करतात आणि खालच्या कमी काट्यांच्या बाजूनं खातात, इतकी त्यांची हुशारी. डोळे डोक्यावर मागे आणि उंच असतात, म्हणजे काटे डोळ्यांत जात नाहीत, आणि एक डोळा एकीकडे, दुसरा दुसरीकडे फिरवता येतो. ट्रिगर हे नाव पडलं ते पाठीवरच्या काट्यावरून. पहिला जाड काटा उभा केला की दुसरा लहान काटा त्याला खालून अडकवतो. मग पहिला कितीही दाबा, बसत नाही. दुसरा दाबला की पहिला सुटतो. बंदुकीच्या चापासारखं. शत्रू आला की मासा खडकाच्या भोकात शिरतो, काटा अडकवतो, आणि त्याला बाहेर ओढणं अशक्य होतं.

अशा माशाच्या टाकीत कोळंबी, खेकडे, गोगलगायी, शिंपले ठेवले तर ते शेजारी ठरत नाहीत, शिधा ठरतो. टाकी मोठी केली म्हणून यात फरक पडत नाही. दहा हजार लिटरच्या टाकीतही तो खेकडा शोधून खाईल, फक्त जरा उशिरा. तेव्हा पहिला नियम असा: ज्याचं कवच त्याच्या दाताखाली येतं किंवा जो त्याच्या तोंडात मावतो, तो त्याच्याबरोबर नको. आणि मावतो का हे आजच्या तोंडाकडे बघून ठरवायचं नाही, पूर्ण वाढलेल्या तोंडाकडे बघून ठरवायचं.

आता भांडणाकडे येऊ. इथं आम्ही आमच्या विषयातलं एक जुनं उदाहरण वापरणार आहोत, कारण ते इथं नेमकं लागू पडतं.

जिथं धूर तिथं अग्नी, हे अनुमान आपण सगळे करतो. ते उलटं करून पाहा: जिथं अग्नी तिथं धूर. हे बरोबर आहे का? नैयायिक म्हणतात, नाही. लोखंडाचा गोळा तापून लाल झाला, त्यात अग्नी आहे, पण धूर नाही. चुलीत धूर होतो तो नुसत्या अग्नीमुळे होत नाही. सरपण ओलं असतं म्हणून होतो. ही जी न दिसणारी अट, ओल्या सरपणाची, तिला न्यायशास्त्रात ‘उपाधी’ म्हणतात. अट लपलेली असते म्हणून आपण सगळं खापर अग्नीवर फोडतो.

‘जिथं ट्रिगर तिथं मारामारी’ हे वाक्य अगदी असंच आहे. त्यात उपाधी लपलेली आहे. लहान टाकी हे एक ओलं सरपण, चुकीचा शेजारी हे दुसरं, आणि चुकीचा क्रम हे तिसरं. अग्नी आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. ट्रिगर हा गरीब स्वभावाचा मासा नव्हे. पण धूर किती होईल हे पुष्कळसं आपल्या हातात असतं.

प्रथम टाकी. टाकी मोठी हवी असं सगळेच सांगतात. का हवी, हे समजून घेतलं तर किती हवी हेही समजतं. कारणं तीन आहेत.

पहिलं कारण घाण. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो, तो विषारी. टाकीतल्या खडकांवर आणि वाळूत जे जिवाणू वाढतात ते अमोनियाचं नायट्राइट करतात, ते नायट्राइटही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य, आणि पाणी बदलून ते काढता येतं. ही जिवाणूंची वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर मासा आणायचा नाही. आता ट्रिगर खादाड आणि सांडून खाणारा. कोळंबीचा एकच तुकडा दगडाआड कुजला, तर २५५ लिटरच्या टाकीत त्याचं जेवढं विष होईल, त्याच्या साधारण पावणेतीन पट सौम्य ते ६८० लिटरमध्ये होईल. मोठं पाणी चुका पोटात घालतं.

दुसरं कारण वळण. मासा सरळ पोहतो हे आपल्याला दिसतं. त्याला वळायलाही लागतं हे आपण विसरतो. क्लाउन ट्रिगर निसर्गात ५० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. टाकीची रुंदी दीड फूट, म्हणजे ४५ सेंटिमीटर असेल, तर पूर्ण वाढलेल्या माशाला आडवं उभंही राहता येणार नाही. ‘मासा टाकीएवढाच वाढतो’ असं दुकानात ऐकवतात. त्यावर विश्वास ठेवू नका. कोंडलेल्या जागेत आणि घाण पाण्यात मासा खुरटतो, आणि खुरटणं म्हणजे आजारपणच आहे. लहान चपलेत पाय मावला याचा अर्थ पाय लहान झाला असा होत नाही.

तिसरं कारण नजर. समुद्रात हरलेला मासा पळून जातो, दिसेनासा होतो, आणि भांडण तिथंच संपतं. टाकीत हरलेला मासा दिसतच राहतो. जिंकणाऱ्याच्या दृष्टीनं तो अजून त्याच्या जागेतच असतो, म्हणून तो पुन्हा मारतो. यात क्रौर्य शोधू नये. भांडण मिटायची जी नैसर्गिक वाट, पळ काढणं, तीच काचेनं बंद केलेली असते. म्हणून टाकीचा आकार मोजताना लिटर मोजून भागत नाही. पळायला किती अंतर आहे आणि दिसेनासं व्हायला किती आडोसा आहे, हे मोजावं लागतं.

यातून एक साधा हिशोब निघतो. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी घ्या. चोवीस घनफूट. एका घनफुटात साधारण २८.३ लिटर, म्हणजे ६८० लिटर. आता चार फूट लांब, दोन फूट रुंद, तीन फूट उंच टाकी घ्या. तीही चोवीस घनफूट, तेवढंच पाणी. दिवाणखान्यात ती उंच टाकी अधिक शोभेलही. पण माशाला तिच्यात दोन फूट कमी पळता येतं. भांडखोर माशासाठी लांबी-रुंदी घ्या, उंची नंतर. आमचा ठोकताळा असा: टाकीची लांबी पूर्ण वाढीच्या माशाच्या निदान पाचपट, रुंदी निदान दीडपट.

हा ठोकताळा तीन ट्रिगरना लावून पाहू. पिकासो ट्रिगर, ज्याच्या अंगावर चित्रकारानं ओढावेत तसे पट्टे असतात, तो फार तर ३० सेंटिमीटर होतो. त्याला सहा बाय दोन बाय दोन फुटांची टाकी चांगली पुरते. नायजर ट्रिगर, निळा-जांभळा, लाल दातांचा. हा आपल्या पश्चिम किनाऱ्याचा रहिवासी आहे. कोकण, गोवा, कर्नाटकाच्या बाजूला ट्रॉलरच्या जाळ्यात ढिगानं येतो. निसर्गात थव्यानं राहून पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव खातो, आणि ट्रिगर कुळात त्यातल्या त्यात शांत. तो वाढू शकतो ५० सेंटिमीटरपर्यंत, पण टाकीत बहुधा ३० च्या आसपास राहतो. त्याची सुरुवात सहा फुटी टाकीत करता येते. क्लाउन ट्रिगरला मात्र आठ बाय अडीच बाय दोन, म्हणजे चाळीस घनफूट, अकराशे लिटरच्या वर. ज्याच्या घरात एवढी टाकी बसत नाही, त्याच्या घरात क्लाउन ट्रिगर बसत नाही. वाईट वाटेल, पण हिशोब हिशोब आहे.

आता हे वजन घरात ठेवायचं कुठं, तेही पाहा. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा जड. ६८० लिटरचं वजन सुमारे ७०० किलो. काच, दगड, वाळू, लोखंडी स्टँड धरून ९०० किलोच्या पुढं जातं. ते उभं राहणार जेमतेम १.१ चौरस मीटरवर. म्हणजे दर चौरस मीटरला आठशे किलो. आपल्या घरांचे स्लॅब करताना राहत्या खोलीसाठी दर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भार धरलेला असतो. म्हणून सहा फुटी टाकी तळमजल्यावर, पक्क्या जमिनीवर. वरच्या मजल्यावर ठेवायची तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय नाही.

खारं पाणी घरी करावं लागतं. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात, ते समुद्राचे नव्हेत. म्हणून आधी आरओचं पाणी घ्यायचं आणि त्यात मत्स्यपालनासाठी मिळणारं समुद्री मीठ विरघळवायचं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे समुद्रातली बाकीची द्रव्यं नसतात. लिटरला ३५ ग्रॅम धरलं तर ६८० लिटरला जवळपास २४ किलो मीठ. हायड्रोमीटरनं घनता १.०२५ येते का पाहायची. दर पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदललं तरी ६८ लिटर पाणी आणि सव्वादोन-अडीच किलो मीठ लागणार. मधल्या काळात पाणी आटतं, पण मीठ आटत नाही. म्हणून आटलेल्या पाण्याची भर बिनमिठाच्या पाण्यानं करायची. पाण्याचं तापमान २४ ते २७ अंश. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे बंद खोलीतलं पाणी ३० च्या वर सहज जातं, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. वीज गेली, पंप थांबला, की मोठा मासा पहिल्यांदा धापा टाकतो. चिलर परवडत नसेल तर टाकी उन्हाच्या भिंतीपासून लांब ठेवा, पाण्यावर पंखा सोडा, आणि पंपाला इन्व्हर्टर द्या.

टाकी झाली. आता शेजारी.

प्राणिवर्तनाचे अभ्यासक कॉनराड लोरेन्झ यांनी १९६३ साली आक्रमकतेवर एक पुस्तक लिहिलं. पुढं १९७३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्या पुस्तकाची सुरुवात प्रवाळांतल्या माशांपासून आहे. भडक रंगाचे मासे ते समुद्रात पाहत होते, टाकीतही ठेवत होते. त्यांना दिसलं ते असं, की हे मासे सगळ्यांना सारखं मारत नाहीत. सर्वांत जास्त मारतात ते आपल्याच जातीच्या माशाला. लोरेन्झ यांनी पुढं माणसाबद्दल जी विधानं केली त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली, आणि ती टीका आम्हालाही पटते. पण माशांबद्दलचं हे निरीक्षण टाकी ठेवणाऱ्या कोणालाही पडताळून पाहता येतं.

याला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे, भाऊबंदकी. बांधावरून वाद होतो तो कोणाशी? दुसऱ्या गावच्या माणसाशी क्वचित. ज्याचा त्याच विहिरीवर, त्याच गटनंबरावर हक्क आहे त्याच्याशी. माशांचं तसंच. ज्याला तेच खायचं आहे, त्याच भोकात झोपायचं आहे, त्याच जागेत अंडी घालायची आहेत, तो खरा प्रतिस्पर्धी. आपल्याच जातीचा मासा या सगळ्यांत वाटेकरी असतो, म्हणून तो पहिला शत्रू. त्याच्या खालोखाल नात्यातला, दिसायला तसाच, खायला तसाच.

वीर धरणावर मासे धरणाऱ्यांना चिलापी ठाऊक आहे. तिचा नर तळाच्या गाळात खड्डा करतो आणि तो राखतो. दुसरा नर जवळ आला की धावून जातो. समुद्रातले काही डॅमसेल मासे तर चक्क शेती करतात. हाताच्या तळव्यावर मावणारा मासा, पण खडकावरचा शेवाळाचा एक तुकडा आपला मानतो, नको ती रोपं उपटतो, आणि शेवाळ खाणारा कोणीही आला, अगदी दसपट मोठा आला, तरी त्याला हुसकतो. शेवाळ न खाणाऱ्याशी त्याचं फारसं देणंघेणं नसतं. यावरून दोन गोष्टी कळतात. भांडखोरपणा आकारावर ठरत नाही. दुकानात स्वस्तात मिळणारा, ‘टाकी बसवायला’ म्हणून पहिल्यांदा आणलेला आठ सेंटिमीटरचा डॅमसेल पुढं सगळ्या टाकीचा मालक होऊन बसतो. आणि भांडण जातीवरच थांबत नाही, हक्काच्या वाटणीवर होतं.

मग शेजारी निवडताना विचारायचं ते हे: हा आणि ट्रिगर कशात वाटेकरी आहेत? जितके कमी वाटे, तितकी शांतता.

सहा फुटी टाकीत एक नायजर ट्रिगर ठेवायचा आहे असं धरू. दुसरा ट्रिगर नको. ही झाली भाऊबंदकी. एक रॅबिट फिश चालेल: तो शेवाळ खातो, ट्रिगरच्या ताटात हात घालत नाही, अंगानं मजबूत, आणि पाठीवर विषारी काटे असल्यानं त्याला कोणी सहसा छेडत नाही. काटे आपल्यालाही टोचतात, हात घालताना जपा. एक-दोन सोल्जर फिश चालतील: लाल, मोठ्या डोळ्यांचे, दिवसा कपारीत राहतात आणि रात्री बाहेर पडतात, म्हणजे त्यांची पाळीच वेगळी. एक स्नोफ्लेक मोरे ईल चालेल, दिसायला वामेसारखा, तळाच्या भेगेत राहणारा. मात्र तो झाकणाच्या फटीतून बाहेर पडतो, म्हणून झाकण घट्ट हवं. एक वरच्या पाण्यात, एक तळाला, एक रात्री, एक शेवाळावर. चार-पाच मासे, बस्स. जागा दिसते म्हणून सहावा आणू नये.

काय चालत नाही? कोळंबी, खेकडे, गोगलगायी यांचं आधीच सांगितलं. लहान गोबी, लहान डॅमसेल, क्लाउन फिशची पिल्लं नकोत. लायन फिश अनेकांना ट्रिगरच्या जोडीला शोभेलसा वाटतो. पण त्याचे लांब पर संथ हलत राहतात, आणि ट्रिगर ते कुरतडत बसतो. फुगणारा पफरही बऱ्याचदा त्यातून सुटत नाही. समुद्रघोडा तर या टाकीतच काय, कुठल्याच घरगुती टाकीत नको: समुद्रघोडे आणि प्रवाळ २००१ पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. दुकानदारानं दाखवले तरी घेऊ नका.

आता तिसरं सरपण, क्रम. जो आधी येतो तो जागा धरतो. एसटीत रुमाल टाकल्यासारखं. ट्रिगर पहिला आला आणि महिनाभर एकटा राहिला, की सहा फुटांची सहाही फुटं त्याची. नंतर येणारा प्रत्येक जण घुसखोर. म्हणून सर्वांत गरीब मासा पहिला, आणि ट्रिगर सर्वांत शेवटी, तोही लहान वयाचा. प्रत्येक मासा आधी वेगळ्या साध्या टाकीत तीन-चार आठवडे ठेवावा, म्हणजे रोगही कळतो आणि तो खायला लागतो. मग मुख्य टाकीत भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात चार-पाच दिवस. सगळे एकमेकांना पाहतात, वास घेतात, पण तोंड पोहोचत नाही. ट्रिगर आधीच असेल आणि नवा मासा आणायचाच असेल, तर सोडण्याआधी दगडांची मांडणी बदला. बांध मोडले की सगळ्यांना नव्यानं जागा शोधावी लागते, आणि जुन्या मालकाचा जोर काही दिवस कमी होतो.

आडोसे माशांच्या संख्येपेक्षा जास्त हवेत. चार मासे असतील तर सहा-सात कपारी, आणि त्या एका रांगेत नकोत. मध्ये दगडांची अशी भिंत हवी की एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकाला दिसू नये. दगड वाळूवर नुसते ठेवू नका, तळाच्या काचेवर पक्के टेकवा. ट्रिगर खणतो, दगड हलवतो. हीटरची वायर, थर्मामीटर, काहीही चावतो. हात घालताना एक डोळा त्याच्यावर ठेवावा, कारण त्याचा एक तुमच्यावर असतो.

पोट भरलेला मासा कमी भांडतो, हेही खरं. दिवसातून दोन-तीन वेळा थोडं थोडं द्या. त्याचे दात वाढत राहतात, ते झिजायला कवच लागतं. म्हणून सालीसकट कोळंबी, तिसऱ्या, माकुलाचे तुकडे. बाजारातून आणलेलं धुऊन, गोठवून मग द्यावं. मीठ-मसाला लावलेलं अर्थातच नाही.

एवढं सगळं करूनही एक गोष्ट उरते. ट्रिगर दोन वर्षं शांत राहतो आणि तिसऱ्या वर्षी, वयात आल्यावर, बदलतो. म्हणून रोज दोन मिनिटं टाकीसमोर उभं राहावं. एखादा मासा कोपऱ्यात, पाण्याच्या पृष्ठभागाशी चिकटून राहू लागला, जेवायला बाहेर येईना, परांच्या कडा फाटल्या, तर ‘ते आपसात मिटवतील’ म्हणून थांबू नका. त्यांच्याकडे मिटवायला जागाच नाही, हे आपण पाहिलं. त्याच दिवशी मध्ये जाळीची फळी घाला किंवा मार खाणाऱ्याला बाहेर काढा. फळी आधी करून ठेवलेली असावी.

शेवटचा मुद्दा. क्लाउन फिश आणि काही डॅमसेल यांची पैदास बंदिस्त टाक्यांत करण्याचं तंत्र आपल्याच केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनं विकसित केलं आहे. ट्रिगर मात्र जवळजवळ सगळे समुद्रातूनच धरून आणलेले असतात. चांगल्या टाकीत ते दहा-वीस वर्षंही जगतात. तेव्हा दुकानात पिशवी हातात घेताना आपण फक्त रंग विकत घेत नाही. एका जिवाला त्याच्या घरातून उठवून आपल्या घरात किती वर्षं ठेवणार, याचं वचन देतो. ते वचन देण्याआधी चोवीस घनफुटांचा हिशोब करणं ही सगळ्यात लहान जबाबदारी आहे.

इथं थांबतो. आलेल्या चिठ्ठ्यांतले काही प्रश्न घेऊ.

‘माझ्याकडे चार बाय दीड बाय दीड फुटांची टाकी आहे. ट्रिगरचं पिल्लू दोन वर्षांसाठी ठेवलं, मग मोठी टाकी घेतली तर?’

ही टाकी नऊ घनफूट, २५५ लिटर. ‘मग घेऊ’ यातला मग बहुधा येत नाही. मोठी टाकी आधी उभी करा, पाणी बसू द्या, आणि मग पिल्लू आणा. तोवर या टाकीत क्लाउन फिशची पैदाशीतली एक जोडी ठेवा. तीही आपली जागा राखते, भांडखोरपणा हवाच असेल तर तिच्यातही बघायला मिळेल.

‘ट्रिगरला एकट्याला ठेवलं तर तो कंटाळतो का?’

त्याला काय वाटतं हे आपल्याला त्याच्या वागण्यावरूनच ठरवावं लागतं. वागण्यावरून एवढं दिसतं की दगड, कपारी, फोडायला कवच आणि पोहायला अंतर मिळालं तर एकटा ट्रिगर नीट खातो, फिरतो, माणसाला ओळखून काचेपाशी येतो. क्लाउन ट्रिगरसाठी ‘सोबत कोण?’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा ‘कोणी नाही’ हेच योग्य असतं. त्यात काही उणं नाही.

‘एवढा खर्च आणि खटाटोप झेपणार नसेल तर?’

तर मुंबईला जा. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं ते याचसाठी, की ज्याच्या घरी समुद्र येऊ शकत नाही त्याला तो पाहता यावा. आपल्याकडच्या किती पिढ्यांनी समुद्रातला जिवंत मासा पहिल्यांदा तिथंच पाहिला. जाण्याआधी ते उघडं आहे का, ही चौकशी तेवढी करा. आणि घरी टाकी हवीच असेल तर गोड्या पाण्याची ठेवा. तिथंही तेच दोन प्रश्न आधी विचारा: तोंडात मावतो का, आणि कशात वाटेकरी आहे?